माडावरचा नाका

बायने मला खोली दाखवली तेव्हा भाड्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तिने मला पडवीतल्या बाकावर बसवलं, आतल्या खोलीचं दार उघडं ठेवलं आणि म्हणाली, "आता कान देवन ऐक." आतून एक घोगरा आवाज आला, घशात कफ अडकलेल्या माणसाने खाकरावं तसा. जरा वेळाने दुसरा आला, तो बारीक, शिट्टीसारखा. दोन्ही वेगळे लागले का, असं तिने विचारलं. मी हो म्हणालो.

"पयलो रत्नागिरीचो, दुसरो गोव्याचो. इसरू नको. आता खोली बघ."

मी नुकताच आचऱ्याच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झालो होतो. कोल्हापूरकडचा माणूस, समुद्र पाहिलेला तो शाळेच्या सहलीत. मालवणी कानावर पडली की निम्मी कळायची, निम्मी समोरच्याच्या तोंडाकडे बघून ओळखायची. रत्नागिरीचा कोण, गोव्याचा कोण आणि ते दोघे या बाईच्या आतल्या खोलीत काय करत होते, यातलं काही मला त्या दिवशी उमगलं नाही. खोली हवेशीर होती, खिडकीतून समुद्राचा एक तुकडा दिसत होता, म्हणून मी राहिलो.

बाय म्हणजे थोरली बहीण. सगळं गाव तिला याच नावाने हाक मारी, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. ती उंच होती, काटकुळी होती, डोळ्यांवर जाड भिंगं आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. मुंबईच्या तारखात्यात तिची हयात गेली होती. कट्ट-कडकट्ट करत बोटांनी तारा पाठवण्यात तिच्या वेगाचा माणूस तिथे कमीच, असं तिच्याबरोबर नोकरी केलेला एक गृहस्थ मला एकदा मालवणात म्हणाला होता. पुढे यंत्रं बदलली, बोटांचं काम गेलं, तिला एका टेबलाशी शिक्के मारायला बसवलं. तिने मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, कडेला असलेल्या बापाच्या घरी येऊन राहिली. लग्न केलं नव्हतं. भाऊबंद मुंबईत. विचार करताना तिची बोटं अजून पाटावर, भिंतीवर, मांडीवर वाजत असत, आणि काय वाजतंय ते तिच्याखेरीज गावात कुणाला कळत नसे.

तारखात्यातली काटकसर तिच्या बोलण्यात उतरली होती. सकाळी मी बाहेर पडताना ती पडवीतून नुसतं म्हणायची, "पावस. छत्री." वाक्य तिथेच संपायचं. तारेला शब्दामागे पैसे पडत, म्हणून ती पोस्टात गेली की कुणी ना कुणी तिच्यापुढे तारेचा कागद धरायचं आणि ती अंबाड्यातली पेन्सिल काढून सपासप शब्द छाटायची. एकाने मुंबईच्या मुलाला 'इकडील सर्व मंडळी खुशाल असून' अशी सुरुवात केली होती. तिने ती ओळच उडवली. "खुशाल नसती तर सांगलंच असतंस," ती त्याला म्हणाली.

तिची दुसरी खोड मात्र अंगवळणी पडायला मला वेळ लागला. तिने काही सांगितलं की ऐकणाऱ्याने "पोचला" असं म्हणायलाच हवं. उद्या दुकान बंद आहे, असं तिने मला पहिल्या आठवड्यात सांगितलं. मी 'हं' म्हणालो. ती जागची हलली नाही. तेच वाक्य, त्याच सुरात, पुन्हा. मी म्हणालो, ऐकलं. तिने तिसऱ्यांदा सांगितलं. शेवटी मी मुकाट्याने 'पोचला' म्हणालो तेव्हा ती आत गेली. 'हं' म्हणून माणूस विसरून जातो, तिचं म्हणणं. 'पोचला' म्हटलं की ती गोष्ट त्याच्या पदरात पडली. मासेवालीपासून हेडमास्तरांपर्यंत सगळे तिच्याशी बोलताना हा शब्द वापरत. काही हसून, काही वैतागून.

आता त्या आतल्या खोलीबद्दल.

तो ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. कॉम्प्युटर हा शब्द आम्ही वर्तमानपत्रात वाचायचो; तो कुणाच्या घरी असू शकतो, हे डोक्यातही येत नसे. बायच्या घरी होता. बोटीवर नोकरी करणाऱ्या तिच्या चुलतभावाने कुठल्याशा परदेशी बंदरातून तो आणला होता. दिसायला जाडजूड टाइपरायटरसारखा, नुसतीच बटणं. त्याला एक छोटा काळापांढरा टीव्ही जोडलेला, शेजारी गाणी ऐकायचा कॅसेटचा टेप, आणि पलीकडे तिचा रेडिओ. हौशी लोकांना सरकार परवाना देतं तसला, बोलताही येणारा रेडिओ. परीक्षा देऊन तिने तो परवाना काढला होता. रेडिओ आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक पत्र्याची पेटी होती. ती तिने स्वतः जुळवली होती, गोव्याच्या एका डॉक्टरांनी पोस्टाने धाडलेल्या आकृत्या बघून.

हे डॉक्टर म्हणजे ती बारीक शिट्टी. घोगरा आवाज रत्नागिरीच्या एका प्राध्यापकांचा. तिघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टर आणि प्राध्यापक यांच्या घरीही असेच कॉम्प्युटर होते आणि ते एकमेकांना मजकूर धाडत. पण त्यांच्या मध्ये डोंगर होते, अंतर होतं. एकाचा रेडिओ दुसऱ्याला ऐकू जात नसे. बायचं घर उंचावर आणि बरोबर मध्ये. रत्नागिरीहून मजकुराचा पुडका आला की तिचं यंत्र तो उचलायचं, धड आहे की नाही ते तपासायचं, नसेल तर परत मागायचं आणि असेल तर गोव्याकडे पाठवायचं. तिकडून इकडेही तसंच. बाय समोर बसलेली असण्याची गरज नव्हती. ती विहिरीवर असो, बाजारात असो, यंत्र आपलं घेत होतं आणि देत होतं. ती त्याला नाका म्हणायची.

टीव्हीवर येणारा जाणारा मजकूर दिसे. म्हणूनच तो टीव्ही कायम झाकलेला असायचा. त्यावर क्रोशाने विणलेला रुमाल असे आणि यंत्र सुरू करण्यापुरता ती तो बाजूला करी. मी एकदा विचारलं, की दिसतंय तर बघत का नाही. ती म्हणाली, "तार देवची आसता, वाचूची नसता. आमी शपथ घेतलेली." नोकरी सुटली होती, शपथ सुटली नव्हती.

गावाला या सगळ्याचं कौतुक वाटलं असेल, असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. वीज गेली की यंत्र सगळं विसरायचं, आणि मग कॅसेट लावून त्याला पुन्हा शिकवावं लागे. त्या कॅसेटमधून जी किंचाळी निघायची तिने शेजारच्या म्हशी दावं तोडायच्या, आणि त्यांच्या तक्रारी माझ्या दवाखान्यात यायच्या. वीज तर दिवसाआड जायची. बायने शेवटी ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या मिळवल्या आणि सगळं सामान त्यांच्यावर चालेल असं करून घेतलं. ते तिला सहज जमलं नव्हतं. पेटी दोनदा जळली, एकदा हात भाजला, आणि फडकं गुंडाळलेल्या हाताने ती दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटीतल्या तारांना डाग देत बसली होती. सोडून द्या ना, असं मी म्हणालो. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

एरियल तिच्या सगळ्यात उंच माडाच्या शेंड्यावर बांधलेलं होतं. एरियलला धक्का लागेल म्हणून त्या माडावर ती नारळ काढायला कुणाला चढू देत नसे. ते पिकून आपोआप पडत. त्यामुळे येणारा जाणारा त्या माडाला लांबून वळसा घालून जाई आणि जाताना तिच्या नावाने काहीतरी पुटपुटे.

खरी नाराजी वेगळीच होती. गावात फोन मोजके, मुंबईचा कॉल लावायचा तर दिवस जायचा. निम्म्या घरांतली कर्ती माणसं मुंबईत. लोकांना वाटे, बायचं यंत्र बोलतं तर आपलंही चार शब्द बोलेल. सरपंच स्वतः येऊन गेले. भाच्याचं लग्न ठरल्याचा निरोप धाडायचा होता. बाय म्हणाली, परवान्यात बसत नाही; परवाना आपापसात बोलायचा आहे, लोकांचे निरोप नेणं हे सरकारचं काम; कुणाच्या जिवावर बेतलं तर गोष्ट निराळी. सरपंच चिडून म्हणाले, "मगे ह्या कोणाच्या कामाचा?" ती त्यांच्याबरोबर पोस्टात गेली, त्यांची तार तिने छाटून दिली, पण यंत्राला हात लावला नाही. तेव्हापासून गावाचं मत पक्कं झालं, की बाय हुशार आहे, पण फुकट.

आचऱ्यात काही वर्षांनी एकदा गावपळण येते. देवाचा कौल झाला की तीन दिवस, तीन रात्री सगळं गाव रिकामं करायचं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळ्यांनी वेशीबाहेर जायचं. शेतात, नदीपलीकडे माडाच्या झावळ्या विणून केलेल्या झापांच्या खोपी उभ्या राहतात आणि तिथे चुली पेटतात. मी तिथे असताना ती थंडीत आली. माझ्या कामाला अर्थातच ऊत आला, कारण गावातली सगळी गुरं एरवी एका माळावर कधी बघायला मिळाली नसती ती मला तिथे मिळणार होती.

बायने जाणत्या मंडळींना जाऊन विचारलं, की यंत्राचं काय. त्यांनी आपसात चर्चा केली आणि यंत्र ना माणूस ना जनावर, तेव्हा ते घरात राहिलं तरी हरकत नाही, असं सांगितलं. प्रश्न मिटला असं मला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी पाहतो तर ती नारळ काढणाऱ्या पाडेल्याला माडावर चढवून एरियल उतरवून घेत होती. मी म्हटलं, परवानगी मिळाली ना?

"बोलणारी वस्तू घरात ठेवलंय तर गाव रिकामो कसो?" ती म्हणाली. आणि बंद करून ठेवायची म्हटलं, तर नाका बंद. म्हणून तिने तिसरा मार्ग काढला होता. नाकाही गाव सोडणार.

बाबी म्हणून एक ट्रकवाला होता, गावातलाच. एरवी चिरे वाहायचा. गावपळणीला त्याने लोकांची भांडीकुंडी, म्हातारी माणसं, कोंबड्यांची खुराडी पलीकडे नेली, आणि शेवटच्या फेरीला बायचा कॉम्प्युटर, टीव्ही, टेप, रेडिओ, पेटी आणि दोन बॅटऱ्या. तिने आपल्या मांडीवर उशी घेतली होती, उशीवर कॉम्प्युटर, आणि वाटभर ती बाबीला 'सावकाश' एवढंच म्हणत होती. इतर बायका हसत होत्या. तिची खोप जरा उंचवट्यावर घातली, एरियल आंब्यावर बांधलं, कॅसेटची किंचाळी झाली, गुरं बिथरली, मला शिव्या बसल्या. संध्याकाळी रत्नागिरी आली, आणि क्षीण का होईना, गोव्याची शिट्टीही आली. तेव्हा बायने भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एका गाभण गाईकडे निघालो होतो. खोपीजवळून जाताना बायने मला हात केला. ती उकिडवी बसली होती, डोळे मिटून. आतून घोगरा आवाज आला, तिचं यंत्र पुढे बोललं, मग काही नाही. शिट्टी नाही. थोड्या वेळाने पुन्हा घोगरा आवाज, पुन्हा तिचं यंत्र, पुन्हा शांतता. असं सकाळपासून चाललं आहे, ती म्हणाली. प्राध्यापक सहसा संध्याकाळीच येत, ही त्यांची वेळ नव्हती. मजकूरही एवढासाच होता, आवाजाच्या लांबीवरून तिने ते ओळखलं होतं. तोच एवढासा मजकूर परत परत येत होता, तिच्यापर्यंत पोचत होता, आणि तिच्याकडून गोव्याला जात नव्हता. आदल्या संध्याकाळी जेमतेम पुरलेली आंब्याची उंची आता पुरत नव्हती.

मी म्हणालो, रुमाल उचलून बघा तरी काय आहे ते. आणि हात पुढे केला. तिने माझ्या हातावर आपला हात ठेवला. जोर काहीच नव्हता त्यात, पण मी हात मागे घेतला.

ती उठून थेट बाबीकडे गेली. त्याचा ट्रक निघायच्या तयारीत होता. गावपळण असली तरी कुडाळला कारखान्यांच्या वसाहतीत त्याला एका ठेकेदाराचा माल उचलायचा होता; चिऱ्यांच्या धुळीतून सुटून असलं बरं काम त्याला प्रथमच मिळत होतं आणि आठवडाभर तो त्याच्याबद्दलच बोलत होता. बायने त्याला सांगितलं, की मिठबावच्या वाटेवरच्या सड्यावर मला आणि सामानाला नेऊन सोड. सडा वेशीबाहेर होता आणि त्या भागात त्याच्याइतकी उंच जागा नव्हती. वाट थोडी वाकडी होती, पण बाबी हो म्हणाला. गाईची वेळ अजून भरली नव्हती, म्हणून तिच्या मालकाला थांबायला सांगून मी ट्रकात चढलो, कारण एरियलचे बांबू धरायला कुणीतरी हवं होतं.

सड्यावर झाड नाही, सावली नाही, नुसता तापलेला कातळ. वाटेत धक्क्यांनी एक बॅटरी फुटली होती, तिचं पाणी हौद्यात सांडलं होतं. दुसरी सकाळपासून चालून थकली होती. आम्ही दोन बांबू एकाला एक जोडून ट्रकच्या टपावर उभे केले आणि मी ते धरून बसलो. हौद्यातच बायने सामान मांडलं. सगळं जोडून झाल्यावर कळलं, की उरलेल्या बॅटरीत दम नाही. टीव्हीचा दिवा लागेना.

बायने ट्रकच्या बॅटरीकडे बघितलं, मग बाबीकडे.

"किती येळ?" बाबीने विचारलं.

"म्हायत नाय."

"काय सांगतत ते?"

"म्हायत नाय."

"कापड काढ नि बघ मगे. काय आसा ता कळला तर मी थांबान."

"नाय," बाय म्हणाली. आणि मग तिच्या मानाने फार मोठं भाषण तिने केलं. "बाबी, सकाळधरना कोणतरी तीच गोष्ट परत परत सांगता हा. गमतीन कोण इतक्यांदा सांगणा नाय. तेका पोचाक व्हया. माका कळूक व्हया असा काय नाय."

बाबी ट्रकला टेकून उभा राहिला. कुडाळच्या दिशेने एकदा बघितलं. त्याचा ठेकेदार थांबणाऱ्यांतला नव्हता, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं; त्याच्या दारात ट्रकवाल्यांची कमी नव्हती. बाबीने विडी काढली, पेटवली नाही, परत खिशात ठेवली. मग बॉनेट उघडून तोच वायरी धरायला पुढे झाला. "जावंदे तो कुडाळ," एवढंच म्हणाला.

कॅसेट लावली. यंत्र शिकेपर्यंत बाबीने वायरी सोडल्या नाहीत. मग घोगरा आवाज आला. यंत्र पुढे बोललं. आणि गोव्याकडून, लख्ख, कापून काढल्यासारखी शिट्टी आली.

बायने डोळे उघडले. "घेतल्यान," ती म्हणाली.

मला वाटलं संपलं. मी बांबू खाली ठेवू का म्हणून विचारलं. ती नको म्हणाली. एवढासा मजकूर सांगून कुणी गप्प बसत नाही, तो काहीतरी मागत होता. गोव्याने घेतलं आहे, आता गोव्याचं उत्तर यायचं आहे. ते कधी येईल, ते तिला माहीत नव्हतं. तोवर नाका चालू हवा.

आम्ही थांबलो. माझे हात भरून आले की बाबी बांबू धरायचा. तो दमला की बाय धरायची, पदर खोचून, टपावर ताठ उभी. अधूनमधून बॅटरी बसू नये म्हणून बाबी इंजीन चालू करी आणि टाकीत काठी घालून डिझेल बघे. प्यायचं पाणी संपलं. खाली माळावरून भजनाचा आवाज तुटक तुटक येत होता. एकदा घोगरा आवाज आला, तेव्हा शिट्टीने नुसती छोटीशी पोच दिली, उत्तर आलं नाही. गोव्याचं यंत्र चालू होतं, पण माणूस जागेवर नसावा, असं बाय म्हणाली. सूर्य समुद्राला लागायला आला तेव्हा शिट्टी वाजली. लांबलचक वाजली. रत्नागिरीचा घोगरा आवाज त्यावर लगेच आला, अगदी छोटा. मग दोन्हीकडे शांत झालं.

"झाला," बाय म्हणाली आणि टपावरून उतरली. उतरल्यावर तिला चालता येईना. बाबीने तिला हाताला धरून कॅबिनमध्ये बसवलं.

सड्यावरचा ट्रक माळावरून दिसत होता, त्यामुळे खाली खोपींत बातमी आधीच पोचली होती. लोकांनी विचारलं, काय होतं एवढं? बायने माहीत नसल्याचं सांगितलं. कुणी हसलं, कुणी बाबीला वेड्यात काढलं. कुडाळचा माल दुसऱ्याच्या ट्रकात गेला, आणि ते काम बाबीला पुढे कधी मिळालं नाही. तो पुन्हा चिरे वाहू लागला. बायने त्याची माफी मागितली नाही आणि त्यानेही तशी वाट बघितली नाही. फक्त कधी रस्त्यात भेटलो की तो मला हळूच विचारायचा, "कळला काय?" मी नाही म्हणायचो.

शिमगा झाल्यावर एका सकाळी मालवणच्या एसटीतून एक जोडपं उतरलं. पुरुष चष्मेवाला, बाई अशक्त, शाल पांघरलेली. त्याने दारात आपलं नाव सांगितलं तेव्हा बाय क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिली, कारण तिच्या कानात त्याचा आवाज घोगरा होता आणि हा माणूस अगदी मऊ बोलत होता.

त्या दिवशी त्याची बायको बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. तिच्या गटाचं रक्त रत्नागिरीत मिळेना. तिच्या भावाचा गट तोच, पण भाऊ गोव्याला नदीतल्या बार्जवर कामाला. फोनची लाइन आदल्या दिवसापासून मेलेली. प्राध्यापक दवाखान्यातून घरी आणि घरून दवाखान्यात असे धावत होते आणि प्रत्येक वेळी तेवढाच मजकूर पाठवत होते. तो मिळाल्यावर गोव्याचे डॉक्टर स्कूटरवर निघाले. बार्ज कुठल्या धक्क्याला आहे ते शोधता शोधता त्यांची दुपार गेली. संध्याकाळी त्यांनी कळवलं, की भाऊ जीपने निघाला आहे. ते कळलं म्हणून दवाखान्यातल्यांनी तिला दुसरीकडे हलवण्याचा धोका घेतला नाही. भाऊ पोचला. बाळ हाती लागलं नाही. ती वाचली.

प्राध्यापकांना त्या दिवसाबद्दल एकच गोष्ट समजली नव्हती. सकाळभर मजकूर अडला आणि दुपारी अचानक वाट मोकळी झाली, ते कसं? त्यांच्या कल्पनेत नाका होता तिथेच होता, या घरात, या माडाखाली. गावपळण त्यांना माहीत नव्हती. बाय काही सांगेना, म्हणून मी सांगितलं. आंबा, सडा, फुटलेली बॅटरी, बाबी, कुडाळचा माल. ते चष्मा काढून पुसत राहिले.

त्यांची बायको मात्र उठली. बाबीचं घर कुठे, असं तिने मला विचारलं.

मी तिला घेऊन गेलो. बाबी घरापुढच्या खळ्यात ट्रकचं चाक उघडून बसला होता, हात काळे. तिने त्याच्यासमोर जमिनीवरच बसकण मारली. आपण कोण ते सांगितलं आणि मग सगळं सांगितलं, सावकाश, बाळाचंसुद्धा. मग बाबीने आपले काळे हात बघितले, आपल्या बायकोला हाक मारली आणि म्हणाला, "ताईक पाणी दी गो. उन्हातसून इली हा."

गावात ते संध्याकाळपर्यंत पसरलं. बायकडे कुणी येऊन काही म्हणालं नाही, तसा तिथला स्वभावही नव्हे. पण पुढच्या वेळी वीज गेली आणि कॅसेट किंचाळली, तेव्हा म्हशीवाल्याने माझ्याकडे तक्रार आणली नाही.

दुसऱ्या वर्षी माझी बदली घाटावर झाली. सामान बांधून मी एसटीची वाट बघत थांब्यावर उभा होतो. बाय आली. निरोप देणं तिला जमत नसे, हे मला ठाऊक होतं. ती काय बोलेल याची मला उत्सुकता होती. तिने माझ्या नव्या गावाचं नाव विचारलं. मग म्हणाली, "किनाऱ्यावर आमी तिघा आसव. घाटावर कोण नाय. तुझ्या त्या गावात उंच जागा आसा?"

दवाखान्यामागे डोंगर असल्याचं ऐकलंय, असं मी सांगितलं.

"वर लाइट आसा?"

माहीत नाही, म्हणालो.

"मगे पयला ता बघ," बाय म्हणाली आणि एसटी यायच्या आत घराकडे वळली.

नव्या गावी रुजू झालो त्याच आठवड्यात, दवाखान्याला कुलूप लावून मी डोंगर चढलो. वर विजेचा खांब होता.